कॉफीचा पासष्टावा डाग

“भाविका, तुझ्या कुत्रीचा रंग पक्का आहे ना गं? की धुतल्यावर जातो?”

हा प्रश्न मी मधल्या सुट्टीत, नववी ‘ब’च्या अख्ख्या वर्गासमोर, बाकावर उभी राहून विचारला. खरं सांगायचं तर प्रश्न माझा नव्हता. करिष्मा आणि मृणाली या माझ्या दोन सख्ख्या मैत्रिणींनी मला डेअर दिलं होतं. “तू नाय विचारणार दिना, तू फट्टू आहेस,” असं करिष्मा म्हणाली आणि मृणालीने त्यावर एक समोसापाव लावला. मागच्या वर्षीपर्यंत मी फट्टू होतेच. हजेरीला ‘उपस्थित’ म्हणताना माझा आवाज ‘उप’पाशीच बसायचा, आणि बाईंनी धम्मदिना हे माझं पूर्ण नाव पुकारलं की मला वाटायचं, आता काहीतरी शिक्षा होणार. पण यंदा स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. एकदा हातात माईक आला की माणूस बदलतो. आता मला घरात मीठ मागायचं असलं तरी मी “यानंतर मी विनंती करते” अशी सुरुवात करते.

तर प्रश्न डेअरचा असला तरी शंका माझीच होती. आणि शंका कशातून आली हे मी लपवणार नाही. मत्सरातून आली.

भाविका कोन गावची. तिच्या घरच्यांची भाताची जमीन होती, तिथे आता गोदामं आहेत आणि गोदामांच्या मागे बंगला. त्या बंगल्यात कॉफी राहते. कॉफी म्हणजे डॅक्सहंड जातीची कुत्री. लांबलचक अंग, चार बोटांएवढे पाय, जमिनीला लागणारे कान. कुणीतरी कुत्रा बनवताना मीटर मोजायला विसरावं तशी. पण तिचं खरं वैभव लांबीत नाही, रंगात. चांदीसारखं करडं अंग, त्यावर काळे वेडेवाकडे डाग, भुवयांच्या जागी तांबूस ठिपके, छातीवर पांढरा रुमाल आणि एक डोळा निळा. एक! दुसरा साधा. मला दोन्ही साधे.

भाविकाने यावर विज्ञानाचा चार्ट केला होता. ‘डॅक्सहंडचे रंग व नक्षी.’ लाल, क्रीम, चॉकलेट, काळा-तांबूस. मग नक्षीचे प्रकार: पट्टेवाला तो ब्रिंडल, मोठ्या पांढऱ्या चट्ट्यांचा पायबाल्ड, केसांची टोकं काळी असली तर सेबल, आणि ढगांसारखे डाग असले तर डॅपल. कॉफी डॅपल. खाली लाल स्केचपेनने लिहिलेलं, ‘आमच्या कॉफीच्या अंगावर एकूण ६४ डाग आहेत.’ दहापैकी दहा. माझा चार्ट बटाट्यातल्या स्टार्चवर होता. दहापैकी सात. बटाट्याला ना भुवया ना निळा डोळा. आणि कॉफीचा चार्ट बाईंनी लावला कुठे? माझ्या बाकाच्या अगदी डोक्यावर. सहा महिने मी त्या चौसष्ट डागांखाली बसून गणितं सोडवतेय.

बरं, मागच्या महिन्यात कॉफीचा वाढदिवस झाला. कुत्रीचा! मीही गेले होते, माझा नवा हिरवा ड्रेस घालून. माझ्या ड्रेसकडे कुणी पाहिलं नाही, सगळे कॉफीकडे पाहत होते. मग मीही पाहत बसले. दुसरं काय करणार?

तिथे भाविकाने कॉफीचा दाखलाही दाखवला. कॉफीच्या आईची, आजीची, पणजीची नावं, जात डॅक्सहंड, रंग सिल्व्हर डॅपल, सगळं छापील आणि वर लॅमिनेशन. माझा जातीचा दाखला काढताना पप्पांनी पणजोबांच्या शाळेचा पुरावा शोधायला तीन गावं पालथी घातली होती. पणजोबांच्या नावात एक वेलांटी चुकली म्हणून दोन महिने फेऱ्या. कॉफीचा दाखला घरबसल्या कुरिअरने आला. एखाद्याच्या कपड्यांचा, फार तर मार्कांचा मत्सर वाटावा. मला कुत्रीच्या कागदपत्रांचा मत्सर वाटला. इथवर मी पोचले होते.

आणि शंका येण्याचं कारण आमच्या उशा. पप्पा कापड रंगवण्याच्या कारखान्यात चेकिंगला आहेत. रंग नीट न बसलेलं कापड, म्हणजे सेकंडचा माल, स्वस्तात मिळतो आणि मम्मी त्याच्या उशांच्या खोळी शिवते. एका रात्री झोपताना माझं लक्ष खोळीकडे गेलं. करड्यावर काळे वेडेवाकडे डाग. हुबेहूब कॉफी! म्हणजे ज्याला आम्ही बिघडलेला माल म्हणून डोक्याखाली घेतो, त्याला भाविका दाखला लावून मिरवते. बस्स. माझी झोप उडाली.

तर, बाकावरून मी तो प्रश्न विचारला. वर्ग हसला. भाविकाने डबा बंद केला.

“ये ना मग रविवारी. घासून बघ.”

“येईनच.”

“रंग गेला तर मी चार्ट फाडीन. आणि नाय गेला तर?”

मी तोंड उघडायच्या आत मृणालीने माझ्या वतीने जाहीर केलं, “नाय गेला तर सूत्रसंचालन तुझं! माईक तुला!”

मृणालीला मी मैत्रीण का म्हणते हे मलाच अधूनमधून कळत नाही. पण टाळ्या पडल्या होत्या. आणि टाळ्या पडल्यावर सूत्रसंचालक मागे हटत नाही.

घरी आल्यावर ही बातमी मी फक्त मम्मीला सांगितली. आमच्या शेलार गावातल्या बिल्डिंगमध्ये ‘फक्त मम्मीला’ म्हणजे गॅलरीतून, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सल्लागार मंडळ भरलं. खालच्या हौसाकाकू म्हणाल्या, “रॉकेल लाव. रॉकेलने कसलाही रंग जातो.” मम्मीने त्यांना आठवण करून दिली की कुत्री जिवंत आहे. मग पंढरीकाका आले. पंढरीकाकांचा पूर्वी म्हशींचा धंदा होता, त्यामुळे फसवणुकीवर बोलण्याचा त्यांना अधिकार आहे.

“म्हातारी म्हैस विकायची असली की तेल-काजळी फासून काळीभोर करतात,” ते म्हणाले. “पाठ बघू नको. पाठ सगळेच नीट रंगवतात. कानामागे बघ. रंगवणारा कानामागे चुकतो म्हणजे चुकतोच.”

मी हे वहीत लिहून घेतलं.

पप्पा ड्युटीवरून आले आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ओरडतील. पण प्रश्न पक्क्या रंगाचा होता. अठरा वर्षं पप्पा दुसरं काही करत नाहीत.

“टेस्ट कशाने करणार आहेस?”

“रुमालाने.”

“रुमालाने?” पप्पांना लागलं ते. “कुठला रुमाल? धुतलेला? त्यात नीळ असेल तर? पांढरं कोरं सुती कापड लागतं. आधी कोरडं घासायचं, मग ओलं. प्रत्येकी दहा वेळा. एकाच जोराने. आणि प्रत्येक रंगाला वेगळा तुकडा. नाहीतर त्या टेस्टला काही अर्थ नाही.”

“तुम्ही तिला समजवायचं सोडून तुकडे काय देताय?” मम्मी म्हणाली.

“समजावतोच आहे,” पप्पा म्हणाले. “आणि मी जाणार बरोबर. रिपोर्टवर चेकरची सही लागते.”

अशा रीतीने एका समोसापावाचं प्रकरण सहीच्या रिपोर्टापर्यंत गेलं.

रविवारी पप्पांच्या स्कूटरवर आम्ही कोनला पोचलो. करिष्मा आणि मृणाली रिक्षाने आधीच येऊन बसल्या होत्या आणि भाविकाच्या घरचे पोहे खात होत्या. साक्षीदारांनी आरोपीचे पोहे खाऊ नयेत एवढं साधं त्यांना कळत नाही. भाविकाचे आजोबा, रामनाथ आजोबा, झोपाळ्यावर बसले होते. पप्पांनी आधी कागदपत्रं मागितली. माल तपासण्यापूर्वी कागद बघायचे ही पद्धत आहे म्हणे. भाविकाने लॅमिनेशनवाला दाखला आणला, आणि कुत्री पाळण्याचं लायसनही.

“दाखल्यावर रंग चांदी-डागाळ,” पप्पा चष्मा वर करून म्हणाले. “लायसनवर रंग काळी. हे कसं काय?”

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. कागदोपत्री रंग बदलत होता!

रामनाथ आजोबा हसायला लागले. “आरं दादा, त्या खिरकीवरचा बाबू बोल्ला, रंग कंचा? मी सांगलं, चांदीसारा हाय, काला हाय, तांबरा हाय, छातीला पांडरा हाय. त्यो बोल्ला, आजोबा, खाना ल्हान हाय, येकच रंग सांगा. मी बोल्लो, मंग काली लिव. लिवली.”

“सरकारी खाना लहानच असतो,” पप्पा गंभीरपणे म्हणाले. दोघांची तिथेच मैत्री झाली. मला ते आवडलं नाही. पप्पा माझ्या बाजूने आले होते.

मग टेस्ट सुरू झाली. कॉफीला ओसरीवर उभं केलं, म्हणजे ती उभीच होती, तिच्यात फरक कळत नाही. पाठीच्या काळ्या डागावर कोरडं कापड, दहा वेळा. काही नाही. करड्यावर दहा वेळा. काही नाही. मग ओलं. काही नाही. कॉफीला वाटलं हा मसाज आहे; ती आडवी झाली, पोट वर केलं, आणि निळ्या डोळ्याने माझ्याकडे असं बघितलं की जरा डावीकडे घे. कापड दुधासारखं पांढरं. करिष्मा मोबाइल धरून होती, तिने जांभई दिली. भाविका नुसती गालात हसत होती. मला माझा माईक तिच्या हातात दिसायला लागला. चांगलाही दिसत होता. तेच तर!

आणि मला पंढरीकाका आठवले.

मी कॉफीचा डावा कान उचलला. कानामागे एक डाग होता. बाकीचे सगळे डाग वेडेवाकडे, हा मात्र गोल. टिकलीसारखा गोल! मी कापड ओलं केलं आणि घासलं. एकदाच.

कापड काळंकुट्ट झालं.

मी किंचाळले. “गेला! रंग गेला!” आणि मला सूत्रसंचालनाची सवय असल्यामुळे पुढे म्हणाले, “जोरदार टाळ्या!” करिष्माने फोटो काढला आणि माझ्या टाळ्या संपायच्या आत वर्गाच्या ग्रुपवर टाकला. ‘कॉफीचा रंग गेला. डुप्लिकेट!!’ टुणटुण टुणटुण आवाज यायला लागले. भाविका पुढे आली, तिने कान उचलून पाहिला. तिचा चेहरा पांढरा पडला.

“हा... हा डाग माझ्या चार्टवर नाहीये,” ती म्हणाली. “चौसष्टच आहेत. मी मोजलेत.”

“म्हणजे पासष्टावा मारलेला आहे!” मी म्हणाले.

या गलबल्याने आतून भाविकाच्या आजी, सीताबाई, बाहेर आल्या. त्यांनी आधी कापड बघितलं, मग कॉफीचा कान.

“आगो बाय! माजी तीट कोनी पुसली?”

करिष्माने मोबाइल खाली घेतला.

“आजी,” भाविका म्हणाली, “तू कॉफीला तीट लावतेस?”

“मंग? तोंडाला लावू देत न्हायस तू, फोटू बिगरतो बोलतेस, म्हनून कानाच्या मागं लावते. रोज सकाली. घरचं काजल हाय, काय व्हत न्हाय तिला. एवरे डाग, एवरी सुंदर पोर, कोनाची पन नजर जाल. त्या वाडदिवसाला न्हाय का, ती एक पोर आलती, हिरव्या डरेसची. अशी बगत व्हती कॉफीला, अशी बगत व्हती, जशी गिलूनच टाकल. दुसऱ्या दिशी कॉफी तीन येला वकली. तवापासून लावते.”

करिष्मा माझ्याकडे बघत होती. मृणाली माझ्याकडे बघत होती. आणि पप्पा, ज्यांनी तो हिरवा ड्रेस दिवाळीला स्वतः पसंत केला होता, ते चष्मा काढून पुसायला लागले.

इथे एक गोष्ट नमूद करते. आमच्या घरात नजर, दृष्ट, तीट असलं काही मानत नाहीत. मी स्वतः शाळेत अंधश्रद्धेवर भाषण केलेलं आहे. कॉफी ओकली ती केक खाऊन, हे विज्ञान आहे. पण विज्ञान बाजूला आणि वस्तुस्थिती बाजूला: एका म्हाताऱ्या बाईने माझ्या एका बघण्यावर महिनाभर रोज सकाळी काजळ खर्च केलं होतं. मला वाटायचं, माझा मत्सर आतल्या आत आहे, नीट घडी घालून ठेवलेला. तो तर कोनपर्यंत दिसत होता.

सीताबाईंनी मला ओळखलं नाही. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “खा गो बाय पोहे, सुकलीस किती.” याहून त्यांनी ओळखलं असतं तर बरं झालं असतं.

पप्पा खाली मांडी घालून बसले. त्यांनी नवे तुकडे काढले आणि कॉफीवरचे एकूण एक डाग तपासले. कोरडे, मग ओले. पोटाचे, शेपटीचे, पंजांचे. पाऊण तास! कॉफी मध्येच घोरायला लागली. शेवटी त्यांनी खिशातून पेन काढून कागदावर लिहिलं: ‘चौसष्ट डाग तपासले. रंग पक्का. पासष्टावा डाग मालाचा नाही, बाहेरून लागलेला.’ आणि सही न करता कागद माझ्या हातात दिला.

“सही?” मी विचारलं.

“टेस्ट तुझी आहे. आधी तू ठरव रिपोर्ट दाखवायचा की नाही.”

निघताना भाविका फाटकापर्यंत आली. तिचा फोन अजून टुणटुणत होता. कुणीतरी कॉफीच्या फोटोवर साबणाची वडी चिकटवली होती.

“दिना,” ती म्हणाली, “ग्रुपवर आजीचं नको सांगू. कुत्रीला तीट लावते म्हणून हसतील तिला.”

“आणि कॉफीला डुप्लिकेट म्हणतायत ते?”

“म्हणू दे. कॉफीला काय कळतंय? चार्ट फाडते मी उद्या.”

एवढं बोलून ती आत गेली. आता मला सांगा, हे बरं आहे का? बंगला तिचा, डॅपल तिची, निळा डोळा तिच्याकडे, दहापैकी दहा तिला. निदान मन तरी लहान असावं! तेही मोठं. स्कूटरवर बसल्यावर मला तिच्या मोठ्या मनाचाही मत्सर वाटायला लागला. इतका, की राजणोली नाक्यावरच्या ट्रॅफिकमध्ये मी पप्पांना दोनदा विचारलं, “माझं मन कसं आहे?” पप्पा म्हणाले, “नीट धरून बस.”

हिशोब साधा होता. मी गप्प बसले असते तर जिंकलेलीच होते. भाविका बोलणार नव्हती. करिष्मा आणि मृणाली पोह्यांमुळे जरा हळव्या झाल्या होत्या, पण त्यांना मी समोसापावावर गप्प केलं असतं. माईक माझ्याकडे, चार्ट भिंतीवरून खाली, आणि माझ्या डोक्यावर कोरी भिंत. सहा महिने मला हेच तर हवं होतं. घरी येऊन मी आडवी झाले, तर डोक्याखाली तीच उशी. करड्यावर काळे डाग. मी कूस बदलली. त्या बाजूलाही डाग.

खालून हौसाकाकूंनी हाक मारली, “काय गं दिना, गेला का रंग?” मी गॅलरीत गेले, तोंड उघडलं, आणि माझा आवाज नववीत आल्यापासून पहिल्यांदा ‘उप’पाशी बसला.

तेव्हा मी उशी काखेत धरली आणि स्वयंपाकघरात गेले. मम्मी चहा गाळत होती, पप्पा पंख्याखाली बसले होते. मी रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि घसा साफ केला.

“यानंतर मी एक घोषणा करते,” मी म्हणाले. “उद्या प्रार्थना झाली की मी माईकवर सांगणार. कॉफीचा रंग पक्का आहे. चौसष्टच्या चौसष्ट. आणि ते काजळ माझं होतं.”

“तुझं कुठे होतं?” मम्मी म्हणाली. “त्या आजींचं ना? खोटं कशाला बोलायचं?”

“खोटं कुठे? माझ्याच नावाने लावत होत्या ना महिनाभर? मग माझंच झालं. आजींचं नाव येणार नाही.”

पप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मम्मीकडे, आणि पेन काढून रिपोर्टवर सही केली. तारखेसकट.

“आणि सूत्रसंचालन?” मम्मीने हळूच विचारलं.

“भाविकाला. ठरलं ते ठरलं.” माझा आवाज आता परत आला होता, जरा जास्तच. “पण मी पहिल्या रांगेत बसणार आहे. बरोबर मधोमध, हिरवा ड्रेस घालून. तिला आत्ताच फोन करून सांगते, स्टेजवर येताना तीट लावून ये म्हणून.”